महालातली हंसांची ओळ

माग बंद असला की मी वही-पेन्सिल घेऊन महाल नावाच्या जुन्या वस्तीत पायी फिरायचो. आम्ही मूळचे उमरेडचे कोष्टी. लुगड्यांचे जुने काठ खपेनासे झाले होते, आणि नवी नक्षी मला देवळांच्या खांबांवर, दारांच्या चौकटींवर, भिंतींवरच्या चित्रांत दिसू लागली होती. आवडली की वितीने मोजायचो आणि वहीत उतरवायचो.

त्या दिवसांत आमच्या शहरातली राजधानी मुंबईला जाणार, रस्ते रुंद होणार, घरं पाडणार, असं रोज कोणीतरी सांगायचं. भिंत मोजणारा माणूस लोकांना सरकारीच वाटे. मी गल्लीत शिरलो की ओट्यावरच्या गप्पा थांबत.

एका घराच्या दर्शनी भिंतीवर हंसांची ओळ दिसली. प्रत्येक हंस मान वळवून मागच्याकडे पाहणारा. रंग उडालेला, पण रेघ इतकी सफाईची की मी उन्हातच बसकण मारली. चार हंस काढून झाले आणि मागून आवाज आला,

"काहून मोजून राहिला गा आमची भिंत?"

घरची बाई होती, पन्नाशीची. हात कणकेने माखलेले. सोबत शेजारी.

"मी कोष्टी आहो, बाई. लुगड्याच्या काठासाठी नक्षी उतरवून राहिलो."

"मंग मागावर बस ना. कोणी धाडलं तुले?"

"कोणीच नाही."

शेजाऱ्याने वही ओढून घेतली. प्रत्येक चित्राखाली मी विती आणि गल्लीची खूण लिहून ठेवली होती.

"सारी घरं लिहून नेली वं यानं!" तो म्हणाला.

पुढचं माझं कोणी ऐकलंच नाही. वही परत मिळाली. मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बाई दारात उभी होती.

पंधरा दिवसांनी त्या हंसांचा काठ विणून, त्याचा तुकडा घेऊन गेलो. पाहिला की तिची खात्री पटेल, असं वाटलं. भिंत पांढरीफटक होती. चुन्याचे दोन हात दिलेले.

बाईने तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"माह्या सासऱ्यानं चिताऱ्याकडून काढून घेतले होते. तू लिहून नेले, म्हून चुना मारला," ती म्हणाली. मग हलक्या आवाजात, "आता तरी खरं सांग. घर पाडणार तर नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. सरकारचं मला काय ठाऊक? तेही तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं. तुकडा ठेवून घ्या म्हटलं, तर तिने घेतला नाही.

काठ पुढे चांगला खपला. मी मात्र गल्लीत चित्रं उतरवणं सोडलं. नुसतं पाहायचो, आणि घरी येऊन आठवून काढायचो.