अष्टमीला चढलेलं पाणी

कार्तिकातली अष्टमी होती, आणि मावशीचं म्हणणं असं की अष्टमीला पाणी चढत नाही. अवसेला, पुनवेला उधाण. अष्टमीला भांग. भांगाच्या दिवशी भरती येते, पण आळसावलेली, अंगात जोर नसलेली. ठाण्याच्या खाडीवर जन्म गेलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून व्हेनिसमध्ये भोंगा वाजला आणि मासळीबाजारातली माणसं भराभर खोके वर उचलायला लागली, तरी ती दगडी पायरीवर बसून राहिली. मी तिचा दंड धरून ओढत होते.

"बस गो," ती म्हणाली. "तुमच्या गावाला पानी टँकरनं येतं. तू मना पानी शिकवतंस?"

यात खोटं काही नव्हतं. माझं गाव अकोल्याच्या पुढे, कोरडवाहू. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि आंबिवलीला आले. नवऱ्याला काम कधी असे, कधी नसे. कुणीतरी सांगितलं, माजिवड्याला एका म्हाताऱ्या कोळणीला सांभाळायला बाई हवीय. तीच ही मावशी. तिनं ठाण्याच्या बाजारात उभा जन्म मासळी विकलेली. त्या बसण्यानं आणि पाट्या उचलण्यानं तिचे गुडघे गेले होते. मुलगा परदेशी प्रवासी बोटीवर आचारी. त्यानं आईला बाजारातून उठवून नव्या ब्लॉकमध्ये आणून ठेवलेलं. तिला न्हाऊ घालायचं, चालवायचं, तिच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी आंबिवलीला परतायचं, हे माझं काम.

त्या बोटीवरच्या नोकरांना आपल्या घरची माणसं एकदा फिरायला नेता येत. जायची होती सून, सासूला घेऊन. पण सुनेला दिवस गेले आणि तिच्या जागी माझं नाव लागलं. पासपोर्टच्या फोटोसाठी मी टेंभी नाक्यावर गेलेले, तेव्हा फोटोवाला वैतागून म्हणाला, "बाई, पोलिसांनी पकडल्यासारखा चेहरा करू नका हो." पण माझा चेहरा तसाच होता. मला वाटायचं, एवढं मोठं देणं आपल्याला झेपायचं नाही, यात काहीतरी फुटणार आणि ते आपल्याच हातून फुटणार.

त्या दिवशी सकाळी बोटीवरून उतरताना दादानं, म्हणजे मावशीच्या मुलानं, मला बाजूला घेतलं. "हे बघ, आईला उतरवतेयस तशी परत चढवायची. बाकी तुला काहीच काम नाही. चारच्या आत. बोट कुणासाठी थांबत नाही, माझ्या आईसाठी पण नाही. आणि मला किचन सोडून खाली येता येणार नाही. समजलं?"

"समजलं दादा."

"पासपोर्ट बोटीच्या ऑफिसात जमा आहेत. बोट गेली तर तुमच्याकडे काहीच नाही. कळतंय ना?"

कळलं होतं.

बाकीचे प्रवासी चर्च बघायला गेले. मावशी म्हणाली, "देवलं घरी पन हायत. मासली कुठं इकतात ते दाव." पाण्यावरून चालणारी बस दादानं आदल्या रात्री समजावून ठेवलेली, त्यामुळे बाजार सापडला. मोठमोठे खांब, वर छप्पर, समोरच कालवा. मावशी जी खुलली! एका गाळ्यावर तिनं सरळ बांगडा उचलला, त्याचा कल्ला उघडून बघितला आणि त्या गोऱ्या मासळीवाल्याला आपल्या बोलीत सांगितलं, "कालचा हाय." त्यानं छातीवर हात मारून काहीतरी सांगितलं, आजचाच, आजचाच, असंच असणार. तिनं बांगड्याचा डोळा दाखवला. त्यानं शेपूट दाखवलं. शेजारचे गाळेवाले हसायला लागले. बराच वेळ दोघं भांडले आणि दोघांचंही पोट भरलं. मग तिचे गुडघे बोलायला लागले म्हणून मी तिला पायरीवर बसवली.

तेवढ्यात तो भोंगा. लांबलचक, रडका. मी चुलत्याकडून लढाईच्या वेळच्या भोंग्याच्या गोष्टी ऐकलेल्या. मला वाटलं बाँब पडणार. पण लोक वर आभाळाकडे बघत नव्हते, खाली पायाकडे बघत होते.

मावशीची नजर कालव्याच्या काठावर होती. "ते बघ, काठाच्या खाली हाय अजून. भांगाचा पानी. येवाचा नाय."

मी काठाकडे बघत नव्हते. मला आमच्या मागचा रस्ता दिसत होता. तिथं दोन फरशांच्या सांधीतून पाणी वर येत होतं. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा उकरला की हळूच पाझरतं, तसं. मग गटाराच्या जाळीतून आलं, बुडबुडे काढत. काठ ओलांडून नाही, पायाखालून!

"मावशी, मागं बघा."

"कोनीतरी बालदी ओतली असंल."

"मावशी, उठा हो. पाया पडते."

"उठ उठ काय करतंस? चार वाजायला लय टाइम हाय."

परतीला ती पाण्यावरची बस घ्यायची होती. मी थांब्यापर्यंत पळत जाऊन आले. थांब्याला साखळी लावलेली, माणूस हातानं नाही-नाही करत होता. पाणी वर चढलं की बसचं टप पुलाखालून जात नाही, हे मला त्याच्या खुणांवरून समजलं. परत आले तेव्हा माझ्या चपला बुडत होत्या.

सुरुवातीला सगळ्यांना मौज वाटत होती. बोटींवरून आलेले प्रवासी पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून फोटो काढत होते. एका बाईनं बूट हातात घेऊन नाचून दाखवलं. रस्त्यांवर लोखंडी घोड्या मांडून वर फळ्या टाकल्या होत्या, जेमतेम दोन माणसं जातील एवढ्या. त्यावरून दोन्हीकडून गर्दी. मग एका पिकल्या केसांच्या माणसाचा तोल गेला, तो पाण्यात पडला, उठून चाचपडत चष्मा शोधायला लागला. त्यानंतर हसणं थांबलं.

त्या फळ्यांवरून आमच्याच बोटीचा एक गट आला. सगळ्यांच्या कोटांवर हिरवे गोल कागद चिकटवलेले, आमच्या शालींवर होते तसेच. पुढे मिटलेली छत्री उंच धरलेली गाईड मुलगी. मी पाण्यातून तिच्याकडे धावले, फळीवरून खाली लोंबणारा तिचा कोट धरला, आधी हिरवा कागद दाखवला, मग मावशी दाखवली. ती थांबली. तिनं मावशीकडे बघितलं, फळ्यांच्या उंचीकडे बघितलं, आपल्या घड्याळाकडे बघितलं. पंजा उघडून मला थांबायची खूण केली, कुणालातरी पाठवते अशी. मागून लोक ढकलत होते. ती छत्री कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले. कुणी आलं नाही. तिच्याही मागे किती जीव होते, तिला दोष देत नाही.

पाणी आता पायरीवर आलं. मावशीच्या लुगड्याचा काठ भिजला तशी ती एक पायरी वर सरकली. मग आणखी एक. आता ती मला बस म्हणत नव्हती. भरल्या अंगाची बाई. मला उचलणं शक्य नव्हतं. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं असतं तर ती उभीसुद्धा राहिली नसती. मी छपराखाली बघितलं. सगळे गाळे बंद. एकटा तो बांगडेवाला, मांड्यांपर्यंतचे रबरी बूट घालून, शेवटचे खोके हातगाडीवर चढवत होता.

मी त्याच्यापुढे हात जोडले. तोंडातून मराठी आलं, तेही गावाकडचं. "भाऊ, मायले घेऊन चाल. बोट जाते. पासपोर्ट नाही जवळ." त्याला काय कळणार! मी हातानं बोट केली, भोंग्याचा आवाज काढला, मावशीकडे दाखवलं. त्यानं कपाळावर हात मारला. खोके परत उतरवले, गाडीवर ताडपत्री घातली आणि मावशीच्या काखेत हात घालून तिला अशी उचलली, जसं काही कोळंबीची पाटी.

"अरे मेल्या, हलू!" मावशी ओरडली. गाडीवर बसल्यावर मला म्हणाली, "बर्फ पन टाकाय सांग. वास यायला नको."

मी हसले नाही. माझे दात थंडीनं वाजत होते.

तो मागून ढकलत होता, मी गाडीची कड घट्ट धरून चालत होते. पाणी माझ्या गुडघ्यांच्या वर. सगळं एकसारखं करडं. रस्ता कुठे संपतो आणि कालवा कुठे सुरू होतो, काहीच दिसत नव्हतं. मला पोहता येत नाही. गाडीचं चाक जिथून गेलं तिथंच पाऊल टाकायचं, एवढंच मनाशी धरलं. एका वळणावर माझा पाय पुढे गेला आणि खाली काहीच लागलं नाही. कंबरेपर्यंत गेले. मासळीवाल्यानं पदराला धरून मागे ओढलं. वरून मावशीनंही माझी वेणी धरली होती, ती तिनं नंतर पुष्कळ वेळ सोडली नाही.

पुढे पूल. पुलाला दोन्हीकडून पायऱ्या. त्यांच्या गाड्यांना पुढे छोटी चाकं असतात, पायरीवर टेकवून चढवतात, पण मावशीसकट ती गाडी त्याला चढवेना. त्यानं हात पसरले. कुठल्यातरी घड्याळाचे टोले पडले. किती ते मी मोजू शकले नाही, चार झाले असतील असं वाटलं.

मावशी खाली उतरली. पायरीवर बसली, पाठ पुलाकडे, आणि दोन्ही हात मागे टेकून एक एक पायरी बसूनच वर चढायला लागली. मी मागून काखेत धरून ओढत होते. मासळीवाला रिकामी गाडी घेऊन पुढे गेला, परत आला, तिचे पाय उचलून धरू लागला. मध्ये एकदा ती थांबली. डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. दादाला काय सांगू? कुणाच्या भाषेत सांगू?

"मावशी?"

"दम घेव दे गो."

वर पोचलो आणि वारा तोंडावर आला. गल्ल्यांमध्ये तो कळला नव्हता. जाड, ओला, एका दिशेनं लोटत येणारा. मावशीनं पदर सारला, गाल वाऱ्याला दिला.

"ह्यो दर्यावरचा हाय," ती म्हणाली. "कालपासनं असंल. पानी बाहेर जावच देत नाय ह्यो." मग हळू आवाजात, "मी तिथी बघत बसले. वारा नाय बघला."

त्यानंतर आणखी पूल लागले. किती ते आठवत नाही. शेवटी जमीन उंच झाली, मोटारी दिसल्या, पाय कोरड्या रस्त्याला लागले. मासळीवाल्यानं तिथं उभ्या असलेल्या, बंदराकडे जाणाऱ्या बसवाल्याला आमचे हिरवे कागद दाखवले, काहीतरी तावातावानं सांगितलं. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो घाबरून मागे सरला. मावशीनं बसच्या खिडकीतून त्याला सांगितलं, "बांगडा कालचाच होता हां." आणि डोळ्याला पदर लावला.

बोट होती. शिडीही होती. पण शिडीचे दोर सोडायला माणसं उभी होती, आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या कपड्यांतला दादा, एका साहेबाशी हात जोडून बोलत. किचन सोडून आलेला. साहेबाचा चेहरा दगडाचा. आम्ही दिसताच दादा धावत आला, आईला उचलली, आत नेऊन खुर्चीवर ठेवली. मग माझ्याकडे वळला.

"एकच काम सांगितलेलं तुला! एकच! अक्कल नाही का? माझी नोकरी गेली असती! तुला कशाला आणली इथं, फोटो काढायला?"

माझ्या साडीतून त्या गालिच्यावर पाणी गळत होतं. मी तेच बघत होते.

"ए," मावशी म्हणाली. "तिला काय बोलतंस? ती चला चला करत होती. मी बसलेली. मना बोल."

"तू गप बस आई."

"मी गप बसनार नाय. भांग मी सांगलेला."

दादा निघून गेला. जाताना म्हणाला, "घरी गेल्यावर बघू."

ते 'बघू' मी पुढचा सगळा प्रवास पोटात घेऊन फिरले. मावशीला न्हाऊ घालताना, तिचे गुडघे चोळताना वाटायचं, ही शेवटची वेळ. माजिवड्याला पोचल्यावर सुनेनं चहा दिला आणि नजर चुकवून सांगितलं, दादांचा बोटीवरून फोन आलेला. ब्यूरोतून शिकलेली नर्स ठेवायची म्हणतायत.

मी पिशवी भरायला घेतली.

"नर्स काय करनार?" मावशी आतून म्हणाली. "मी बस बोलली की बसंल. शिकलेली असते ती, ऐकते." मावशीनं मला हाक मारली. मी दारात उभी राहिले. "तू पन ऐकलंस, तीच चूक झाली. आता ऐक. याच्यापुढं मी बस बोलली, तरी तू मना उठवायची. शिव्या घालीन, तरी उठवायची. जमंल?"

"तुम्ही माराल."

"मारीन. जमंल का?"

मी हो म्हटलं. नर्स आली नाही, मावशीनं येऊच दिली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं, आणि मावशी पलंगावर आडवी होऊन म्हणाली, आज नाय, आज कंटाला आलाय. मी तिच्या चपला आणून पलंगाशी ठेवल्या आणि पांघरूण ओढून काढलं. तिनं मला अशी शिवी दिली की सून आतल्या खोलीतून धावत आली. मग तिनं पाय खाली सोडले.