झाकणाभोवतीच्या सह्या

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी पावणेचार वाजता, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात त्या, उपनगरातल्या एका निरीक्षणगृहाच्या न्हाणीघरात मुलांची मारामारी झाली आणि बसवाल्या मावशींच्या नातवाचं डोकं नळावर आपटलं गेलं. त्याचं नाव लिहिणार नाही. तो अल्पवयीन आहे, कायदा आहे. डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही, एवढं मात्र लिहिणार. त्या विभागात बेचाळीस मुलं, ड्युटीवर काळजीवाहक एक. तोही तेव्हा फाटकावर पिठाची पोती उतरवून घेत होता, कारण त्या कामालाही दुसरं कुणी नव्हतं.

मावशी चारकोपच्या. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे मोजायची सवय. लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षाच्या रांगेत, कुठेही त्यांची हनुवटी बारीक हलायला लागली की समजायचं, मोजणं चाललंय. शनिवारी निरीक्षणगृहाच्या भेटीच्या रांगेत मी मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं वाटत होते, तेव्हा त्या भेटल्या. पत्रक नीट वाचलं आणि विचारलं, "पोरां किती ता लिवलंस. माणसां किती ता खंय हा?"

"मावशी, मुद्दा मुलांवरच्या अन्यायाचा आहे."

"आमच्या बशीत अठरा पोरां. तरी डायव्हर वेगळो, मी वेगळी. हय एकटो माणूस बेचाळीस पोरांक काय करतलो, चेडवा?"

पत्रकात मागणी होती: बेफिकीर काळजीवाहकाला निलंबित करा. ठळक अक्षरांत. मावशी म्हणाल्या, "तेका काढू नको गो. तेच्या बाजूक दुसरो उभो कर." मला राग आला. जिच्या नातवाचा कान गेला तीच असं बोलते? घाबरल्यात, असं मी ठरवून टाकलं. आम्ही घोषणा दिल्या, फोटो काढले. आठवड्याभरात तो निलंबित झाला. ग्रुपवर मी टाकलं, झकास, जिंकलो.

पुढच्या शनिवारी मावशी भेट आटपून बाहेर आल्या आणि माझा दंड धरला. "आता मोज."

त्याच्या जागी कुणीच आलं नव्हतं. शेजारच्या विभागाचा माणूस दोन्हीकडे बघत होता, आणि एकट्याला झेपेना म्हणून मुलांना दुपारभर खोलीत कोंडत होता. हे माझ्या पत्रकानं केलं होतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हे माहीत असूनही मावशी दर वेळी डबा आणायच्या आणि परत आलेला डबा रांगेत वाटायच्या. त्यातलं घावन त्यांनी माझ्यापुढे धरलं.

त्यानंतर आम्ही मोजायला लागलो. आज ड्युटीवर कोण, किती जण, हे दर शनिवारी प्रत्येक घरानं आपल्या मुलाला विचारायचं आणि लिहायचं. माहितीच्या अधिकारात मंजूर पदं विचारली. निम्म्याहून जास्त रिकामी निघाली. मग सगळ्या घरांचा एकच अर्ज. पहिली मागणी मावशींची: त्या माणसाला परत घ्या, आणि प्रत्येक पाळीला सोबत दुसरा द्या. पण सही कोण करणार? "ताई, पहिलं नाव माझं नको हां. आत पोराला त्रास देतील." जो तो हेच म्हणत मागे सरकला.

मावशींनी डब्याचं झाकण कागदावर पालथं ठेवलं आणि कडेनं पेन फिरवून गोल मारला. "हेच्या भोवती करा. पयला नाव कोणाचाच नको."

सतरा सह्या झाल्या. तो माणूस परत आला. दुसरा कंत्राटावर आला, चार महिन्यांत गेला. पुढच्या प्रत्येक पत्राला उत्तर एकच, प्रस्ताव विचाराधीन आहे. खरं सांगते, थकायला होतं.

थंडीत नातू सुटला. मावशी तरी दर शनिवारी फाटकावर हजर. पहारेकरी वैतागून म्हणाला, "आता तुमचं कोण आहे आत?"

"मोजूक इलंय."

मे महिन्यात त्या नातवाला घेऊन कायमच्या गावी निघाल्या. जुन्या संगतीपासून तो लांब राहावा म्हणून. बोरिवलीला गावच्या बसवर मी सोडायला गेले. नातवाला ऐकू यावं म्हणून त्या त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. बसायच्या आधी मात्र मागे वळून पाहिलं, हनुवटी हलली, अख्खी बस मोजून झाली. मग खिडकीतून ते झाकण माझ्या हातात दिलं.

"डबा बिनझाकणाचा नेणार, मावशी?"

"माझो नातू सुटलो. थयली पोरां खंय सुटली?"

अर्ज पुन्हा करायचा आहे. कालच्या शनिवारीही पाळीवर एकच माणूस होता. ज्यांची मुलं आत आहेत ते घाबरलेत, दमलेत. तुमचं कुणी आत नाही, मग तुम्हाला भीती कसली? येत्या शनिवारी फाटकावर या. झाकण माझ्या पिशवीत आहे, गोलाभोवती जागा आहे. सही करा.