दोरीवरच्या उड्यांची जागा

आज सकाळी खिडकीतून पाहिलं, तर माझी बायको सुमन अंगणात बसून कोवळं गवत उपटत होती. ते गवत मीच पेरलं होतं.

आमची लेक मुक्ता गेली, तेव्हापासून दोन वर्षं आम्ही अंगणाकडे पाहिलंच नाही. हिरवळीत लव्हाळा आणि गाजरगवत माजलं. शेवटी मागच्या महिन्यात मी खुरपं घेतलं, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या, माती सारखी करून बी पेरलं. सुमन पायरीवर बसून बघत होती. नळाजवळ पोचलो, तशी ती म्हणाली, "तेवढं नका खणू."

तिथे मुक्ता रोज दोरीवरच्या उड्या मारायची. तिच्या पावलांनी माती इतकी घट्ट झाली होती, की तणसुद्धा तिथे रुजलं नव्हतं.

मी ती हातभर जागा सोडली. पण रोजच्या पाण्याने तीही मऊ झाली आणि चारी बाजूंनी गवत आत सरकू लागलं.

गवताचा काय दोष? उघडी जमीन झाकायची, एवढंच त्याला कळतं. भेटायला येणारेही म्हणतात, काळ जाऊ द्या, सगळं भरून येतं. सुमनला त्याचीच तर भीती वाटते.

मी बाहेर गेलो. "पावसात हे आणखी वाढेल. कशी पुरी पडशील?"

"नाही पडणार," ती म्हणाली. तिचे हात मात्र थांबले नाहीत.

मी तिच्यासमोर बसलो आणि माझ्या बाजूचं गवत उपटू लागलो.