साडूंचा ह्यूगा

आमच्या बुलढाण्यात सुखानं कसं बसावं हे फक्त माझ्या थोरल्या साडूंना कळतं. बाकीचे आम्ही सगळे नुसते टेकतो, असं त्यांचं ठाम मत आहे. हे ज्ञान त्यांना उतारवयात झालं. जन्मभर कोर्टात कारकुनी केली, त्यामुळे माणसं पाहिली ती भांडतानाच. निवृत्तीनंतर डेन्मार्कला मुलीकडे एक हिवाळा काढून आले, ते लोकरीचे पायमोजे आणि एक शब्द घेऊन: ह्यूगा. हा शब्द चारचौघांत म्हणताना पहिल्या अक्षराचा उच्चार फार जपावा लागतो, म्हणून मेहुणीबाईंनी त्यावर घरात बंदी घातली. अर्थ विचारला तर साडू म्हणतात, "तिकडे दुपारीच अंधार पडते, पाहुने. मंग लोक मेनबत्त्या लावतात, आपल्या मान्सांत बसतात, काही गरम पेतात. कोनी कोनाले काही सिद्ध करून दाखवत नाही. बस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांच्या घरातली ट्यूबलाइट बंद होते. पहिल्या दिवशी मेहुणीबाई म्हणाल्या, "बुद्धवंदना झाली ना आत्ता? मंग पुन्हा कायले मेनबत्त्या?" शेजारी टॉर्च घेऊन फ्यूज पाहायला आले आणि भज्यांची बशी हाती पडल्यावर तिथेच रमले. आलेल्यांचे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात जातात. एकदा डबा वाजू लागला, तेव्हा नव्या पाहुण्यांनी हातातली पोळी खाली ठेवली होती. राजकारण आणि कोर्टकचेरी, दोन्ही विषय बंद. मे महिन्यातही साडू पायमोजे घालून पन्हं पितात. "ऊब पायाले लागते, हवेले नाही," म्हणतात.

मीही हसायचो. पण त्यांच्या घरात एक गोष्ट कुणी काढत नसे. सुलतानपूरच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांची धाकट्या भावाशी केस चालू होती आणि दोघांत अनेक वर्षं शब्द नव्हता.

गेल्या हिवाळ्यात तारखेला आलेल्या त्या भावाची संध्याकाळची बस चुकली. स्टँडवर मफलर गुंडाळून बसलेला मला दिसला, तसं मी साडूंना फोन करून सांगितलं. किती वाजताची बस होती, ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "थंडीत काऊन बसून राह्यला तो? आना त्याले घरी."

तो आला. चप्पल न काढता उंबऱ्याशीच उभा राहिला. "दादा, धुऱ्याचं काय करतं ते आधी सांग."

"धुरा कोर्टात आहे. इथं फक्त शेंगा आहेत. बस, फोड."

त्यानं चप्पल काढली आणि दोघं मेणबत्तीपाशी बसून शेंगा फोडू लागले. साडूंचं लक्ष भावाच्या पायांकडे गेलं. टाचा ढेकळांसारख्या भेगाळलेल्या. ते उठून आत गेले आणि पायमोज्यांचा दुसरा जोड आणून त्याच्यापुढे ठेवला. भावानं तो उलटसुलट करून पाहिला, घातला, आणि म्हणाला, "मायनं चुलीपाशी असंच बसवलं असतं आपल्याले."

"हाव," साडू म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले.

केस मिटली नाही. धुरा सोडायला दोघंही तयार नाहीत. शेवटी एकाच मायची लेकरं. पण आता भाऊ तारखेच्या आदल्या दिवशीच येतो. सकाळी दोघं एकाच स्कूटरवर कोर्टात जातात, एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि तारीख पडली की एकाच स्कूटरवरून घरी जेवायला येतात. वकिलांना हा प्रकार अजून उलगडलेला नाही.

परवा साडू शेंगांना हातही लावत नव्हते. काय झालं म्हणून विचारलं.

"वकील म्हने, पुढच्या तारखेले निकाल लागन," ते म्हणाले. मेणबत्तीची वात त्यांनी उगाच सारखी केली. "लागू नाही पाहिजे, पाहुने. लागला तं तो बुलढान्याले कायले येईन?"