पंपाचा शाफ्ट बसला का?

इंजिन पुन्हा बांधताना आमच्या गॅरेजात एक नियम होता. ऑइल पंपाचा शाफ्ट वरून सोडणाऱ्यानं तो नीट बसला की नाही हे स्वतः ठरवायचं नाही. शाफ्टच्या टोकाला चपटी जीभ असते, ती खाली पंपाच्या खाचेत उतरावी लागते. नुसती टेकून राहिली तरी वरून सगळं ठाकठीक दिसतं, आणि गाडी पैठणच्या रस्त्याला लागली की तेलावाचून इंजिन जाम होतं. म्हणून पंपाचं तोंड तेलाच्या ट्रेमध्ये बुडेल असं ठेवून एकानं लांब स्क्रू-ड्रायव्हरनं वरून शाफ्ट फिरवायचा आणि दुसऱ्यानं खाली आडवं होऊन तेलाच्या भोकावर बोट धरायचं. तेलानं बोट ढकललं की तो म्हणणार, "फिरतंय." मगच खालचं तेलाचं चेंबर लावायचं. खालच्याचा शब्द शेवटचा.

वर मी असायचो, खाली माझा मित्र. आम्ही एकाच गावचे. माझ्या घरी मेंढरं, त्याचं घर बौद्धवाड्यात. शहराबाहेर कारखाने उभे राहायला लागले तेव्हा दोघं मिळून शहरात आलो, आधी दुसऱ्याच्या हाताखाली राबलो, मग पत्र्याची शेड टाकली. मला धीर कधीच नव्हता. तो मुद्दाम उशिरा बोलायचा आणि मी पान्यानं इंजिनाचा स्टँड बडवायचो.

"अरे बोल की! झोपला का काय?"

"तुझ्यावानी मेंढरामागं झोपायची सवय नाय मला," खालून आवाज यायचा. "फिरतंय."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात त्याचं घर जाळलं. जाळणारे बाहेरून आले होते, असं आमच्याकडचे सांगत राहिले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्याची आई अंगावरच्या लुगड्यानिशी गॅरेजात आली आणि मागच्या खोलीत राहिली. माझ्या हातचा चहा घ्यायची, पण माझ्याकडं बघायची नाही. त्यात तिची काय चूक? तिला आता या मुलखात राहायचंच नव्हतं. तिचा भाऊ नाशकाकडं होता.

"हातातलं इंजन बांधून देतो आई, मग निघू," मित्र म्हणाला. मी तिथंच उभा होतो. राहा म्हणायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

त्यानंतर मी कामात दिरंगाई होण्याची वाट बघायला लागलो. एरवी बेअरिंग यायला उशीर झाला की दुकानदाराचा उद्धार करणारा मी, आता गप्प बसायचो. तरी इंजिन आकाराला आलंच. एका दुपारी तेवढा पंपाचा शाफ्ट राहिला. त्याच्या आईनं बोचकं बांधून दारात ठेवलं आणि जुन्या टायरवर बसून राहिली.

मी शाफ्ट सोडला. जरासा फिरवला तसा तो शेवटचं बोटभर खाली गेला. हाताला पंपाचा भार लागला. सैल शाफ्ट भिंगरीसारखा फिरतो, बसलेला जड जातो. हे हातालाच कळतं.

"बसला का रं?"

खालून आवाज आला, "नाय बसला. काढ."

मी काढला. पुन्हा सोडला, पुन्हा फिरवला. खाली ट्रेमध्ये तेल ठिबकत होतं, त्याचा आवाज मला स्वच्छ येत होता.

"आता?"

"नाय. काढ पुन्यांदा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला जायचं नव्हतं. आमच्या शेडमध्ये, त्या इंजिनाखाली, त्याला अजून थोडं पडून राहायचं होतं. मी शाफ्ट काढला, फडक्यानं पुसला, उगाच उजेडात धरून बघितला, सावकाश परत सोडला. आयुष्यात कोणतंही काम मी इतकं सावकाश केलं नसेल.

असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी त्याची आई उठून आली. आधी तिनं ट्रे बघितला, मग कोपरापर्यंत तेलानं माखलेला त्याचा हात.

"एवढं त्याल सांडतंय की रं लेकरा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एस्टी जाईल आपली."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो गेल्यावर मित्र म्हणाला, "फिरतंय."

चेंबर आम्ही दोघांनी लावलं. त्यानं रॉकेलनं हात धुतले, बोचकं उचललं आणि निघाला. दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं इंजिन गाडीत बसवून चालू केलं. पहिल्या फटक्यात लागलं, तेल चढलं आणि त्याचा लाल दिवा लगेच विझला. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

पुढं कैक वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. शहरात निळे झेंडे लागले, लांबलांबून माणसं आली. मी दिवसभर शटर उघडं ठेवलं. स्टँडवर एक इंजिन होतं. शाफ्ट सोडलेला होता, पण चेंबर मुद्दाम लावलं नव्हतं. तो आला तर बोट लावून सांगेल, असं मनात होतं.

संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग मीच खाली सरकलो, एक बोट तेलाच्या भोकावर धरलं आणि दुसरा हात वर शाफ्टकडं नेऊन बघितला. पोचत नाही.