उपाशी ठेवलेले डोंगळे

आमच्या शिवारात संशोधकांची ये-जा अलीकडे फार वाढली आहे. पाण्याचा अभ्यास करणारे हिवरे बाजारला जातात. तिथे त्यांना पाणीही बघायला मिळतं आणि चहाही चांगला मिळतो. उरलेले आमच्याकडे, देवळाली प्रवरेच्या अलीकडच्या उसाच्या पट्ट्यात येतात. एकांनी बिबट्यासाठी उसाच्या कडेला कॅमेरे बांधले. त्यात शेजाऱ्याची कुत्री आली, आडोशाला बसायला जाणारे गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आले, बिबट्या काही आला नाही. दुसरे एक जण बरण्यांमधून आमची माती घेऊन गेले आणि काही महिन्यांनी माती जिवंत असल्याचं कळवलं. आम्ही म्हटलं, बरं झालं.

मी शेजारच्या गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे खांद्याला पिशवी आणि डोक्याला टोपी घातलेला कुणीही दिसला, की लोक त्याला माझ्याकडे धाडतात. माझी बायको नगरला नर्स आहे, रविवारी घरी येते. बाकीचे दिवस वस्तीवर मी आणि आई. आलेल्या संशोधकाशी काय बोलायचं ते मी बघतो आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही हे आई बघते. दोन्हींत आईचं खातं जास्त कार्यक्षम आहे.

ती मुलगी अशीच एका दिवाळीनंतर स्कूटीवरून आली. साताऱ्याकडची, शिकायला इकडे. तिला कांद्याच्या बियाण्यावर पीएच.डी. करायची होती.

ज्यांनी कांदा फक्त भाजीत पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. बियाण्यासाठी चांगले कांदे निवडून दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना उंच दांडे फुटतात आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू धरतो. त्याला आम्ही डोंगळा म्हणतो. माश्या या फुलावरून त्या फुलावर फिरल्या, की चेंडूत काळं बी भरतं. पण फवारण्या वाढल्या, बांधावरची झाडं गेली, आणि माश्याही गेल्या. डोंगळे दिसायला टपोरे आणि आत पोकळ, असं व्हायला लागलं. कुणी गुळाचं पाणी शिंपडून माश्यांना बोलावतं. कुणी सकाळी दव गेल्यावर मऊ फडकं घेऊन एकेक डोंगळा हलक्या हाताने चोळतं, म्हणजे माशीचं काम माणूस करतं. हे काम बायका करतात हे वेगळं सांगायला नको.

मुलीला शोधायचं होतं ते एवढंच, की माशी खरोखर किती बी भरून देते. त्यासाठी तिने आमच्या दोन सऱ्या मागितल्या. एक डोंगळा उघडा, त्याच्या शेजारचा मलमलीच्या पिशवीत, नाडी बांधून. पुन्हा एक उघडा, पुन्हा एक पिशवीत. शेवटी दोन्हींचं बी तोलायचं. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत गारा पडल्या आणि उघडे, झाकलेले सगळे एकाच न्यायाने झोपले. दुसऱ्या वर्षी पिशव्या बांधताना तिने मला सांगितलं, "सर, हा हंगाम शेवटचा. गाईड म्हणालेत, आता आकडे नाही आले तर माझं काम बंद. घरी जायचं." सांगताना ती हसत होती, पण नाडीची गाठ तिने तीनदा सोडून पुन्हा बांधली.

आई बांधावर उभी राहून बघत होती. संध्याकाळी तिने मला विचारलं, "त्या पोरीनं पुन्ना फुलं पिशवीत का कोंडली?"

मी विज्ञानाचा शिक्षक. मी व्यवस्थित सांगितलं.

"म्हंजे मुद्दाम उपाशी ठेवायचं," आई म्हणाली.

"तसंच समज."

"आन शेजारच्याला माश्या जेवू घालनार."

"हो."

"एकाच सरीत?"

"एकाच सरीत. पाणी सारखं, खत सारखं, ऊन सारखं. फक्त माशी नाही. तरच फरक कळतो."

"बरं," आई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

हे 'बरं' मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ होकार असा होत नाही, हे पन्नाशीतल्या माणसाला कळायला हरकत नव्हती.

हंगाम छान गेला. मुलगी दुपारपर्यंत सरीत उकिडवी बसून कुठली माशी कितीदा आली ते टिपायची, मग घरी येऊन जेवायची. आईची जेवू घालायची पद्धत ठरलेली आहे. घरात असतील तेवढे सगळे एका ओळीत बसतात: संशोधक, मी, मोटार दुरुस्त करायला आलेला माणूस, चुकून पत्ता विचारायला आलेला माणूस. सगळ्यांना एकदम वाढलं जातं. सगळ्यांचं झाल्यावर आई चुलीपाशी बसून उरलेलं खाते. मुलीने दोन-तीनदा म्हटलं, "आजी, तुम्ही पण बसा ना." आई म्हणायची, "तुमचं हुंदे." तेवढ्यावर विषय संपायचा.

मार्चअखेरीस डोंगळे काढले. उघडे एका ढिगात, पिशवीतले दुसऱ्या. अंगणात चादर टाकून मुलीने आधी पिशवीतले चुरले. चादरीवर काळं बी सांडलं. तिने दुसरा चुरला. तोही भरलेला. मग भराभर सगळे चुरले. पिशवीतले डोंगळे उघड्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. काही तर सरस होते.

ती आधी नुसती बघत राहिली. मग तिचे डोळे चमकले, कारण हे खरं असेल तर कांद्याला माशी लागतच नाही आणि जगातल्या पुस्तकांची पानं बदलावी लागतील. तिने अंगणातूनच गाईडना फोन लावला. पलीकडून ते बराच वेळ बोलले. फोन ठेवला तेव्हा ती डोळे पुसत होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हा शोध नाही. एकतर मी पिशव्या नीट बांधल्या नाहीत, नाहीतर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. संशोधनात त्या 'नाहीतर'चा अर्थ एकच असतो: आकडे घरी बसून तयार केले.

आई ओट्यावर लसूण सोलत होती. ती म्हणाली, "दाना भरला म्हनून कोन रडतं व्हय? मी रोज चोळीत हुते. नाडी सोडायची, पदरानं चोळायचं, पुन्ना बांधायची. तू यायच्या आदी."

मुलगी आईकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बी पुडक्यांत भरलं, चादर झटकून घडी केली, स्कूटी काढली आणि निघून गेली. आमच्या घरातून न जेवता गेलेली ती पहिली संशोधक.

"जेवली न्हाई," आई म्हणाली.

मला आईचा भयंकर राग आला. एवढा राग मला विद्यार्थ्यांनीसुद्धा कधी आणला नव्हता. मी म्हटलं, तिचं दोन वर्षांचं काम तू मातीत घातलंस, आता तिला घरी पाठवतील, लोक तिला लबाड म्हणतील. तुला समजावून सांगितलं होतं, तू बरं म्हणालीस. मग बरं म्हणायचं कशाला?

आई लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "एका पंगतीला बसवायचं आन एकाला वाढायचं न्हाई, हे मला बघवत न्हाई."

आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणीच तिच्या माहेरच्या आमच्या लोकांनी धर्म बदलला होता, पण गावाने पंगत बदलली नव्हती. गावजेवण असलं की आमच्या लोकांना निरोप यायचा, आणि तिथे गेल्यावर बाजूला बसवायचे. गावाची पंगत उठली की मग वाढायचे. आई याबद्दल फार बोलत नाही. एवढंच सांगते, की दुरून वास यायचा, आणि ताटात पडायची तोवर आमटी गार झालेली असायची. ती गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. कांद्याच्या सरीशी तिचा संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझा राग गेला असं नाही. त्याला फक्त बसायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभी होती. "चल. त्या मास्तरकडं ने मला."

मी तिला मोटारसायकलवर बसवून मुलीच्या कॉलेजात नेलं. गाईड चष्मा लावून काहीतरी वाचत होते. मुलगी कोपऱ्यात उभी होती. आईने बसायला नकार दिला.

"पोरीनं चांगली बांधली हुती गाठ," ती म्हणाली. "लई घट्ट. मला सोडायला नखं लागायची. तिनं काय केलं न्हाई. मी चोळलं."

गाईडांनी चष्मा काढला. "कशाने?"

"पदरानं."

"रोज?"

"रोज. फुलं सुकंस्तवर."

"सगळे?"

"मंग? एकाला चोळायचं आन एकाला न्हाई?"

गाईड वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या अभ्यासाच्या पद्धतीत अशा चुकीला रकाना नव्हता इतकंच. शेवटी ते म्हणाले, हाताने चोळून बी भरतं याची नोंद घेता येईल, पण उपाशी डोंगळ्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही. वर बोलून आणखी एक हंगाम मागून बघतो. पण तो खरोखरच शेवटचा. प्लॉट तोच, कारण माती तीच हवी. मग आईकडे वळून म्हणाले, "आणि पिशव्यांची राखण तुम्ही करायची. जबाबदारी तुमची."

बोक्याला दुधाची राखण नेमतात ती अशी. बाहेर आल्यावर मुलीने आईच्या पायाला हात लावला, की स्कूटीची पडलेली किल्ली उचलली, ते मला मागून नीट दिसलं नाही.

तिसऱ्या हंगामात मी आईला जे करताना पाहिलं ते मी वर्गात कधी शिकवू शकणार नाही. फुलं उमलली तशी ती सकाळी सरीच्या टोकाला पोतं टाकून बसायला लागली. डोंगळ्यांकडे पाठ करून. उघड्या डोंगळ्यांवर माश्यांची घूं घूं चालायची आणि ती कालव्याकडे तोंड करून बसायची. पदर कमरेला घट्ट खोचलेला, म्हणजे हात मोकळा राहून पदराकडे जायला नको. शेजारच्याची शेळी सरीत शिरली तर ढेकूळ मारून हाकलायची. एक लांबचे नातेवाईक कुतूहलाने नाडी सोडायला गेले, त्यांना तिने असं काही सुनावलं की ते चहा न घेता सोनईला परतले. वाटेने जाणाऱ्यांनी विचारलं, "म्हातारे, काय राखतीस?" तर म्हणायची, "उपास." लोकांना वाटलं नवस बोललीय. बौद्धाच्या घरी नवस, म्हणून जरा कुजबुजही झाली.

ती त्या दिवसांत नीट जेवत नव्हती, हे मला उशिरा लक्षात आलं. मी विचारलं तर म्हणाली, "भूक न्हाई." मी आग्रह केला नाही. काही प्रयोगांत आपण हात घालू नये एवढं मी शिकलो होतो.

मार्च संपता संपता मुलगी आली. हंगामभर ती यायची, मोजायची, जेवायची, पण आईशी कामापुरतंच बोलायची. अंगणात तीच चादर टाकली. उघडे डोंगळे चुरले, बी सांडलं. मग पिशव्या सोडल्या. गाठी तिच्याच होत्या, जशाच्या तशा. पहिला डोंगळा चुरला आणि हातात नुसता भुसा आला. दुसरा, तोही तसाच. कुठे एखादा सुरकुतलेला दाणा. मुलगी एकेक चुरत गेली आणि तिचं हसू वाढत गेलं. "सर, आला! रिझल्ट आला!" ती ओरडली आणि उठून तिने आईला मिठीच मारली.

आई तिच्या मिठीतून हळूच सुटली. तिने चादरीवरचा एक रिकामा डोंगळा उचलला, तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. भुसा उडाला. हातात काही राहिलं नाही. हात तसाच पसरून ती बघत राहिली.

"लिही," ती मुलीला म्हणाली.

"काय लिहू, आजी?"

"एका सरीत लावलं. पानी सारखं दिलं, खत सारखं दिलं. फकस्त पंगतीत घेतलं न्हाई. मंग काय झालं ते लिही."

मुलीचं हसू थांबलं. ती आईच्या रिकाम्या हाताकडे बघत होती. मी तिला ती गावजेवणाची गोष्ट कधी सांगितली नव्हती. पण तीन वर्षं ती या घरात ओळीने बसून जेवली होती, आणि त्या ओळीत कोण नसतं हे तिने पाहिलं होतं.

बायको नगरला होती, म्हणून त्या दिवशी मी चूल पेटवली. मुलीने पाट मांडले. मग ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही बसल्याशिवाय मी जेवणार नाही. मागच्या वर्षी गेले होते, तशी जाईन."

"तुमचं हुंदे," आई म्हणाली.

मुलीने स्कूटीची किल्ली हातात घेतली. आई बसली.

वाढायला मी होतो. माझी भाकरी फुगत नाही आणि कडेला चिरते. तव्यावरची पहिली मी आईच्या ताटात टाकली. तिने ती मोडली, एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"जाड झालीया," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, "पन ऊन हाय."