आधी काय संपतं

अकरावीला लिमिटिंग रिएजंट शिकवायला घेतलं की मी फळ्यावर एकच गणित मांडते. दहा ग्रॅम हायड्रोजन, चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन. दोघांचं पाणी होताना आधी काय संपेल? वर्ग एका सुरात ओरडतो, "हायड्रोजन!" वजन कमी ना त्याचं! दरवर्षी हेच. वजनावर जाऊ नका, मोल काढा, कोण किती लागतं ते बघा, असं मी घसा फोडून सांगते. आधी संपतो ऑक्सिजन. तो संपला की पाणी बनणं थांबतं आणि हायड्रोजन नुसता उरतो.

घरी मात्र मी त्या पोरांहून ढ निघाले.

वडिलांच्या किडन्या गेल्यावर आठवड्यातून दोनदा त्यांना जाफराबादहून जालन्याला डायलिसिसला न्यावं लागे. न्यायची आई. सकाळची एसटी, मांडीवर डबा, खांद्यावर वडिलांचं डोकं. दवाखान्यात त्यांना आधी काट्यावर उभं करत, नंतर पुन्हा. संध्याकाळी माझा पहिला प्रश्न, "वजन किती?" ते वाळत चालले होते, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्या काट्यात अडकला होता. आई अंगानं भरलेली. दमलीस का विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरली? तू तुझं कॉलेज बघ." जिना चढताना तिला धाप लागायची, तेव्हा आम्ही तिच्या जाडेपणाची थट्टा करायचो. तिला त्या काट्यावर कुणी कधी उभं केलं नाही.

आई एसटी स्टँडवरच गेली, डबा हातात असताना. हृदय बंद पडलं म्हणाले.

राख सावडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी डायलिसिसची पाळी होती. मी जीप सांगितली, डबा भरला. वडील खाटेवर अनवाणी बसून होते.

"चला, उशीर होतोय."

"न्हाई. तिच्या जिवावर जाऊन राह्यलो होतो. आता बस झालं."

मी ओरडले, रडले, पाया पडले. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी त्याला परत पाठवलं.

पुढे आठवडाही निघाला नाही. अंगात पाणी साचून ते सुजत गेले, आधी पाय, मग तोंड. ज्या वजनासाठी आम्ही इतके दिवस झुरलो, ते डोळ्यांदेखत वाढत होतं.